फाइल न घेता मिरज
शनिवार-रविवारच्या सहलीची आखणी, सातारा आणि सांगलीच्या कुटुंबांसाठी

सुट्ट्या जवळ आल्या की साताऱ्यात आणि सांगलीत प्रवासी कंपन्यांचे फलक लागतात, आणि अलीकडे त्यांत इटली असतेच. मिलानचे संगमरवरी चर्च, फ्लॉरेन्सचा जुना पूल, व्हेनिसच्या होड्या. घरातल्या मुली मोबाइलवर मिलानच्या रस्त्यांवरचे कपडे, बूट, पर्सेस पाहतात आणि विचारतात, "अब्बा, आपण कधी जायचं?" त्यांचे विचारणे रास्त आहे. अल्लाहने ज्याला ऐपत दिली आहे त्याने जरूर जावे. जमिनीवर फिरा आणि डोळे उघडे ठेवून पाहा, अशी शिकवण कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा आली आहे.

पण हिशेब नीट मांडायला हवा. लंडन किंवा पॅरिसचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी विमानात बसतो, दीडदोन तासांत मिलानला उतरतो आणि रविवारी रात्री घरी परततो. त्याच्यासाठी ती खरोखर दोन दिवसांची सहल असते. आपल्याला आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. त्याची फी मोठ्या माणसामागे ९० युरो, शिवाय कागदपत्रांसाठी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या. जाण्या-येण्यातच दोन-तीन दिवस जातात. म्हणजे आपली इटली आठ-दहा दिवसांची आणि काही लाखांची होते. ते लाख जवळ नसले की जाहिरातीतले "सोपे हप्ते" समोर येतात, आणि त्या हप्त्यांच्या पोटात व्याज असते. चार फोटोंसाठी व्याजाचे ओझे घरात आणायचे का, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

त्या माणसाकडून विनाखर्च घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे त्याची पद्धत. तो दोन दिवसांत दहा ठिकाणे करत नाही. एकच शहर निवडतो, पायी हिंडतो, तिथली एखादी कारागिरी जवळून पाहतो, एक जेवण निवांत बसून जेवतो. आणि त्या दोन दिवसांत घरातले कोणीही स्वयंपाक करत नाही. ही पद्धत आपल्या दोन जिल्ह्यांत वापरता येते. सातारकरांनी मिरज-सांगलीला जावे आणि सांगली-मिरजकरांनी साताऱ्याला.

इटलीची मिरज

मिलानपासून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास क्रेमोना नावाचे छोटे शहर आहे. ते व्हायोलिनसाठी जगभर प्रसिद्ध आहे. आमाती, ग्वार्नेरी, स्ट्रॅडिव्हारी ही सगळी तिथल्या कारागीर घराण्यांची नावे. स्ट्रॅडिव्हारी १७३७ मध्ये वारला, पण त्याच्या हातची व्हायोलिने आजही मोठमोठे वादक वाजवतात. क्रेमोनाच्या या हस्तकलेला युनेस्कोने २०१२ मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. दूरदूरचे पर्यटक तिथे जातात, कारखान्याच्या दारात उभे राहून रंधा चालताना पाहतात आणि त्यासाठी पैसे मोजतात.

आपल्याकडे मिरज आहे. सतारी आणि तंबोरे करणारे हे गाव हिंदुस्थानी संगीताच्या जगात क्रेमोनाइतकेच मानाचे आहे. हे काम उभे केले ते शिकलगार कुटुंबांनी. शिकलगार म्हणजे तलवारींना धार आणि चकाकी देणारे. मराठेशाही गेली, इंग्रजांचा अंमल आला, तलवारींची गरज सरली आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्या कारागिरांनी तोच सराईत हात लाकूड आणि भोपळ्याकडे वळवला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे शौकीन होते, त्यांचा आश्रय मिळाला. पुढे या कुटुंबांना लोक सतारमेकर म्हणूनच ओळखू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आणि आपण? आपल्यातल्या बहुतेकांनी मिरज पाहिली ती हातात फाइल घेऊन. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. सातारा, सांगली, कोल्हापूर, विजापूर, बेळगावकडची कितीतरी कुटुंबे अम्मीचे ऑपरेशन, दादाजानचे डोळे, सुनेचे बाळंतपण यासाठी इथे येऊन गेली आहेत. स्टेशनवर उतरायचे, रिक्षा करायची, दवाखान्याच्या बाकावर बसायचे, डबा पोचवायचा आणि परत. "मिरजेला गेलो होतो" म्हटले की समोरचा विचारतो, "कोण आजारी आहे?" एकदा तरी या गावाला फाइल न घेता जावे, अशी आमची सूचना आहे.

सुट्टी नक्की कोणाची?

आखणी सुरू करण्याआधी हा प्रश्न घरात बोलून घ्यावा. आपल्या घरातल्या बायकांचा प्रवास होतो तो लग्नाला, मयतीला, दवाखान्याला किंवा माहेरी. सहल ठरली तरी आदल्या रात्री बारापर्यंत चपात्या लाटायच्या, सुकं मटण करायचे, मुलांचे कपडे भरायचे, पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे. नातेवाइकांकडे मुक्काम असेल तर तिथे पोचताच कमरेला ओढणी बांधून ओट्यापाशी उभे राहायचे. सहल संपते तेव्हा बाकीचे ताजेतवाने असतात आणि ती दुप्पट दमलेली असते.

म्हणून आम्ही तीन नियम सुचवतो. पहिला, मुक्काम लॉजवर करावा. नातेवाइकांकडे तासभर चहाला जावे, सलाम-दुआ करावी आणि निघावे. दुसरा, घरून डबा नेऊ नये. खजूर, शेंगदाणे, बिस्किटे आणि पाणी पुरे. तिसरा, प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी, दहा वर्षांच्या मुलानेसुद्धा. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम घरातली कामे स्वतःच्या हाताने करत, हे आपण मुलांना सांगतो. ते दाखवून देण्याची ही चांगली संधी आहे.

खर्चासाठी तीन-चार महिने आधी घरात एक डबा ठेवावा. भिशीचे पैसे, ईदीतली बचत, दुकानातली थोडी उरली-सुरली रक्कम त्यात जावी. डब्यात जमेल तेवढ्याचीच सहल. कमी जमले तर एका दिवसाची करावी, ती कमी दर्जाची होत नाही.

जायचे कसे?

सातारा ते सांगली रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पुणे-बंगळूर महामार्गाने कराड, पुढे पेठनाक्यावरून आष्टा आणि सांगली. सांगलीपासून मिरज दहा किलोमीटर. रेल्वेचा पुणे-मिरज मार्ग सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली असा जातो. कोयना आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस या मार्गानेच धावतात. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना रेल्वे सोयीची, पाय मोकळे करता येतात. सातारा स्टेशन गावापासून बरेच बाहेर आहे, तेव्हा रिक्षासाठी वेळ धरावा.

एसटीने जाणाऱ्यांनी सवलती विसरू नयेत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. अम्मी, बायको, दोन मुली आणि दादी असे कुटुंब असेल तर बचत चांगलीच होते. सर्वांची आधार कार्डे बरोबर ठेवावीत. ती लॉजवरही लागतात.

स्वतःची गाडी असेल तर कराडला थांबावे. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन जिथे मिळतात तो प्रीतिसंगम पाहावा. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. कराडात आदिलशाही काळातली जुनी मशीद आहे आणि तिचे जुळे मनोरे लांबूनही नजरेत भरतात. जुहरची नमाज तिथे अदा करून पुढे निघता येते.

सातारकरांसाठी: मिरज आणि सांगली

शनिवारी फजरनंतर निघावे, दुपारी लॉजवर सामान टाकून जेवावे, थोडे पडावे. असरच्या सुमारास सतारमेकर गल्लीकडे चालत जावे. आधी एखाद्या दुकानात विचारून ठेवले तर बरे, कारण काम दुकानापेक्षा मागच्या खोलीत किंवा घरीच चाललेले असते.

मुलांना काय दाखवायचे? सुरुवात भोपळ्यापासून करावी. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. मंगळवेढा-पंढरपूरकडे नदीकाठच्या शेतांत ते खास तंबोऱ्यासाठी पिकवतात आणि महिनोन् महिने वाळवतात. गोलाई आणि जाडी बघून कारागीर भोपळा निवडतो, कापून आतून साफ करतो. त्यावर लाकडाची तबली बसते, वर गळा आणि दांडी जोडली जाते. मग खुंट्या, नक्षी, पॉलिश. पूर्वी नक्षीला हस्तिदंत वापरत, आता प्लास्टिकसारखे साहित्य वापरतात. पुरुषाच्या आवाजासाठी तंबोरा मोठा, बाईच्या आवाजासाठी लहान, हे ऐकून मुले चकित होतात.

सगळ्यात अवघड काम शेवटी येते. त्याला जवारी म्हणतात. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेने इतका बारीक घासायचा की तार छेडली की आवाज भुंग्यासारखा गुंजत राहावा. कानस थोडी जास्त फिरली की आवाज बसतो. हे मोजायला यंत्र नाही, कारागिराच्या कानावरच सगळे चालते. शिकायला वर्षे लागतात, म्हणून बापाकडून मुलाकडे आणि चुलत्याकडून पुतण्याकडे ही विद्या येत राहिली.

इथेच आजची अडचण आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइलचे अ‍ॅप आले. नवशिका गायक आता तंबोऱ्याशिवाय भागवतो. दिवसभर मांडी घालून बसायचे, भुसा श्वासात घ्यायचा आणि मिळकत मात्र बेभरवशाची, असे असताना शिकलेला मुलगा या कामात का राहील? मानांकनाने नावाला संरक्षण मिळाले. घर चालायला गिऱ्हाईक लागते.

संगीताबद्दल आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत आणि उलेमांतही आहेत. त्या चर्चेत आम्ही शिरत नाही. कारागिरी पाहण्यासाठी गाणे ऐकलेच पाहिजे असे नाही. आपल्याच समाजातल्या माणसांनी दीडशेहून अधिक वर्षे हाताने कमावलेला हा नावलौकिक आहे. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या मैफलींत ज्या तंबोऱ्यांवर थोर गवय्यांनी सूर लावले, त्यांतले कितीतरी या गल्लीत घडले. शाळेच्या पुस्तकात मुलांना हे सापडत नाही. गल्लीत उभे राहून त्यांनी एकदा पाहिले की "आपल्या लोकांनी काय केले?" या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर असते.

तिथे वागण्याचे काही साधे अदब आहेत. फोटो विचारून काढावा. तारांना मुलांनी हात लावू नये. चहा आग्रहाने देतील, तो घ्यावा, पण कारागिराचा तास-दोन तासांचा रोजगार बुडवू नये. तंबोरा विकत घेणे सगळ्यांना शक्य नाही. घरात, शाळेत किंवा शेजारी जुनी सतार, तंबोरा पडून असेल तर दुरुस्तीला घेऊन जावा; त्यानेही कामाला हातभार लागतो.

संध्याकाळी हजरत ख्वाजा मीरासाहेब यांच्या दर्ग्याच्या परिसरात जाता येईल. दर्ग्यात जाण्याबद्दलही मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे करावे. पण या जागेचा इतिहास सर्वांनी जाणून घेण्यासारखा आहे. इथल्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हिंदू-मुस्लिम मिळून उरूस पार पाडतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच दफन आहेत. त्यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा, पण ते मिरजेचे होऊन राहिले. १९३७ मध्ये दक्षिणेत पाँडिचेरीकडे प्रवास करताना वाटेतल्या एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेला आणले गेले. त्यांच्या स्मृतीत उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक हजेरी लावतात. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेतच झाला. घरंदाज बाईने तिकीट लावून रंगमंचावर गाणे हे ज्या काळात लोकांना रुचत नव्हते, त्या काळात त्यांनी ते मानाने केले. शांतपणे पाहायचे असेल तर उरुसाचे गर्दीचे दिवस टाळावेत.

रविवारी सकाळी सांगलीला यावे. कृष्णेच्या घाटावर बसावे, १९२९ चा आयर्विन पूल पाहावा. पुलाजवळची पाण्याची पातळी पावसाळ्यात सगळा जिल्हा श्वास रोखून ऐकतो. २०१९ च्या महापुरात पाणी किती चढले होते हे तिथला कोणीही रिक्षावाला दाखवील. वेळ असेल तर हरिपूरला जावे. तिथे कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, आणि हळद साठवण्याची जमिनीखालची पेवेही याच गावची. परतताना हळद, बेदाणे आणि भडंग घ्यावे. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. शेजाऱ्यांना हीच भेट द्यावी.

सांगलीकरांसाठी: सातारा

सांगली-मिरजकरांनी सातारा पाहिलेला असतो तो बसच्या खिडकीतून, पुण्याला जाताना. चहा, पेढ्याचा पुडा आणि पुढे. त्यांनी या वेळी गावात शिरावे.

शनिवारी दुपारी छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय पाहावे. नंतर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीकडे जावे. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जाती-धर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. मुलांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. रयतच्या शाळांतून शिकून नोकरीला लागलेली मुस्लिम कुटुंबे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर आहेत. आपल्या अब्बाजानना कोणी शिकवले हे मुलांना इथे सांगावे. मगरिबनंतर राजवाड्याजवळच्या चौपाटीवर हिंडावे.

रविवारी फजरनंतर अजिंक्यतारा चढावा. उन्हाच्या आत उतरता येते. दहाच्या सुमारास लिंब गावची बारामोटेची विहीर पाहावी. अठराव्या शतकात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. आत उतरले की पाण्याच्या वर दगडी दालन लागते, भर दुपारीही तिथे गारवा असतो. मुलांचा हात मात्र सोडू नये.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठार फुललेले असते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात आले. हंगामात तिथे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी असते. शक्य असेल तर कामाच्या दिवशी जावे. फुले तोडू नयेत, आत बसून फोटो काढू नयेत.

नमाज, जेवण, मुक्काम

दोन्ही शहरांतले अंतर हनफी मताप्रमाणे कसरच्या मर्यादेच्या, म्हणजे सुमारे ७७-७८ किलोमीटरच्या, पुढे जाते. तेव्हा मुसाफिराने एकट्याने पढताना जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन पढाव्यात. फजर आणि मगरिब तशाच. मुकीम इमामाच्या मागे पढल्यास पूर्ण. ही सवलत बायकांनाही आहे. शंका असेल तर आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारून निघावे.

सगळ्या मशिदींत स्त्रियांची सोय नसते, म्हणून लॉज ठरवतानाच खोलीत मुसल्ला पसरण्याइतकी जागा आहे का, न्हाणीघर स्वच्छ आहे का, हे विचारावे. म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट किंवा तळमजला मागावा. एक हलका मुसल्ला आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवली की घरातल्या बाईची नमाज कोणाच्या सोयीवर अवलंबून राहत नाही.

हलाल जेवणाची दोन्हीकडे अडचण पडत नाही. मशिदीजवळच्या दुकानदाराला विचारले की तो चांगली खानावळ सांगतो. दोन दिवसांतले एक जेवण तरी घाई न करता, सगळ्यांनी एकत्र बसून करावे. त्या वेळी मोबाइल पिशवीत. काय मागवायचे हे त्या दिवशी अम्मीने ठरवावे, आणि सगळ्यांना वाढायचे काम मुलांनी करावे.

रविवारी असरच्या आत परतीला लागावे, म्हणजे इशापर्यंत घरी पोचता येते आणि सोमवारची शाळा चुकत नाही. रात्रीचे जेवण वाटेतच करून यावे. नाहीतर दार उघडताच गॅस पेटवण्याची वेळ तिच्यावरच येईल.